लुसबाईंचा झेंडा

जर्सी सिटी,
३ जून २०२४

चि. जागृती,
सप्रेम जय भीम.

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. फोन असताना आई पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. तुझ्या भावाच्या या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर, हॉल आणि त्याचं ऑफिस मिळून एकच खोली आहे. मी तुझ्याशी बोलायला लागले की राकेश हेडफोन एका कानावरून हळूच सरकवतो. शिवाय तुझं मराठी त्या बेटावर गंजून जाईल. भूगोल शिकवायचं सुटलं, पण लाल पेन अजून पर्समध्ये आहे, एवढं लक्षात ठेवून उत्तर लिही.

येऊन तीन आठवडे झाले. एकोणिसावा मजला, खिडकीतून नदी, नदीपलीकडे न्यूयॉर्क. राकेश तीन दिवस ट्रेननं तिकडे बँकेत जातो, दोन दिवस घरून काम करतो. मी पाचही दिवस गप्प असते.

मागच्या आठवड्यात दुपारी बारीक आवाज यायला लागला. टू-टीक. थांबला. परत टू-टीक. राकेश म्हणाला, "आई, स्मोक डिटेक्टरची बॅटरी लो झाली की असंच वाजतं." आमचा तपासला, ठीक होता. म्हणजे शेजारचा. मी म्हटलं, अरे, आग लागली तर? कळव ना कोणाला. त्यानं बिल्डिंगच्या ॲपवर कंप्लेंट टाकली. एक माणूस आला, शेजारचा फ्लॅट उघडून पाहिला आणि "ऑल ओके" म्हणून गेला. दुसऱ्या दुपारी परत टू-टीक.

मग लाँड्री रूममध्ये ती शेजारीण भेटली. ऐंशीची असेल. केशरी लिपस्टिक, पाठ अगदी ताठ. "यू, इंडिया?" म्हणाली. मी म्हटलं हो, आणि तुम्ही? "पोर्तो रिको." तुझ्या बेटाचं नाव ऐकून मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "ओ, म्हणजे अमेरिकन!" तिनं असं पाहिलं जणू मी तिच्या पायावर सुटकेस ठेवली. कपडे घेतले आणि निघून गेली.

आता तूच सांग. तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की देश म्हणजे सीमा, सरकार, चलन, सैन्य. तुझ्या बेटावर डॉलर अमेरिकेचा, पासपोर्ट अमेरिकेचा, सैन्य अमेरिकेचं. मग बाई एवढी कशानं तापली?

तुझी आई,
गिरजाबाई


पोन्से, पोर्तो रिको,
१२ जून २०२४

प्रिय आई,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "फॉरेनहून आलंय?" तिकीट मात्र अमेरिकेतलं साधंच. इथे कुठलीही वस्तू ऑनलाइन मागवली की साइट म्हणते, 'इंटरनॅशनल शिपिंग'. सैन्यभरतीच्या वेळी हे अमेरिकन, पार्सलच्या वेळी परदेशी.

आधी तुझा डिटेक्टर. आई, तो बेडूक आहे! कोकी नावाचा, अंगठ्याएवढा. अंधार पडला की या बेटावरच्या प्रत्येक झाडावरून "को-की, को-की" सुरू होतं. बेट सोडून गेलेल्या लोकांना त्याशिवाय झोप येत नाही, म्हणून ते रेकॉर्डिंग लावतात. तुझी शेजारीण दुपारची वामकुक्षी घेत असणार, आणि तू तिच्या अंगावर मेन्टेनन्सवाला सोडलास.

आता ती का तापली. १८९८ साली अमेरिकेनं हे बेट स्पेनकडून घेतलं, बेटाला कोणी विचारलं नाही. १९१७ साली नागरिकत्व दिलं, तेव्हाही विचारलं नाही. पुढे कित्येक वर्षं शाळांतून इंग्रजी लादायचा खटाटोप झाला. मुलं वर्गात इंग्रजी धडे म्हणायची आणि मधल्या सुटीत स्पॅनिशमध्ये भांडायची. भांडण जिंकलं, धडे हरले. १९४८ साली कायदा आला की बेटाचा झेंडा दाखवला तर तुरुंग. आणि त्याच वर्षी बेटाची पहिली टीम ऑलिंपिकला गेली! आजही टीम वेगळीच असते. २००४ मध्ये ॲथेन्सला यांनी बास्केटबॉलमध्ये अमेरिकेला हरवलं. ती मॅच पाहिली नाही असा माणूस मला इथे अजून भेटलेला नाही. तेव्हा जन्मले नव्हते, तेही पाहिली म्हणतात.

हे लोक स्वतःला राष्ट्र का म्हणतात, या माझ्या पीएच.डी.च्या प्रश्नाचं मात्र अवघड झालंय. इथल्या बेकरीत तीन भाऊ आहेत. एकाला बेट अमेरिकेचं राज्य व्हायला हवंय, दुसऱ्याला स्वतंत्र देश, तिसऱ्याला आहे तसंच. पंचेचाळीस वर्षं भांडतायत. पण "तुम्ही कोण?" विचारलं की तिघं एका दमात सांगतात, "बोरिकुआ." म्हणजे याच मातीचे. ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीतून माझे गाइड दर आठवड्याला विचारतात, निष्कर्ष काय? मी काय सांगू, बेकरीत या?

मी बरी आहे. सध्या हिंडणं कमी, बसून वाचन जास्त.

तुझी,
जागृती


जर्सी सिटी,
२४ जून २०२४

चि. जागृती,
सप्रेम जय भीम.

'वामकुक्षी' बरोबर लिहिलंस, याचं कौतुक. बाकी दोन चुका सोडून देते.

बेडकाचं वाचून मला इतकी लाज वाटली की त्याच दिवशी बेसनाचे लाडू वळले आणि तिचं दार वाजवलं. तिचं नाव लुस. तिकडे मानानं 'डोन्या' म्हणतात ना? मी म्हटलं, तुमची डोन्या म्हणजे आमची बाई. तेव्हापासून ती लुसबाई आणि मी डोन्या गिरजा. तिनं लाडू खाल्ला, डोळे मिटले, आणि दुसरा उचलताना मला माफ केलं. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही.

तिच्या घरात खिडकीभर झेंडा आहे. लाल-पांढरे पट्टे, आकाशी त्रिकोण, त्यात एकच चांदणी. रंग विटलाय, पण ऊन पडलं की सगळी खोली आकाशी होते.

त्या झेंड्याखाली टेबलावर एक नोटीस पडली होती. बिल्डिंगच्या ऑफिसची. खिडकीला काही टांगायला मनाई आहे, पंधरा ऑगस्टपर्यंत काढलं नाही तर सप्टेंबरमध्ये लीज रिन्यू होणार नाही. ही बिल्डिंग उभी राहिली त्या जागी लुसबाईंचं जुनं घर होतं, म्हणून त्यांना इथे फ्लॅट मिळाला. ऐंशीव्या वर्षी जाणार कुठे? पण म्हणतात, "घर जाऊ दे, झेंडा काढणार नाही." ऑफिसला इतक्या वर्षांनी आत्ताच कसं कळलं, कोण जाणे.

त्या झेंड्याची गोष्ट अशी. त्या सहा वर्षांच्या असताना, १९५० साली, पोन्सेत त्यांच्या वडिलांना पोलिसांनी पकडलं. एकवीस महिने तुरुंग. आई सांगायची, दारू पिऊन मारामारी केली. सुटल्यावर ते इकडे आले, साबणाच्या कारखान्यात लागले. लुसबाईंना त्यांची लाज वाटायची. त्या वडिलांशी धड बोलल्याच नाहीत. मरायच्या आठवड्यात वडिलांनी गादी उसवायला लावली, आत हा झेंडा. "मी तेव्हाही विचारलं नाही," म्हणाल्या आणि उठून उगाच भांडी धुवायला लागल्या.

तू म्हणाली होतीस, पोलिसांनी तेव्हा लोकांवर पाळत ठेवून फायली केल्या होत्या. वडिलांची सापडेल का? लुसबाईंच्या हातचं परवानगीचं पत्र सोबत आहे. वडिलांचं नाव रामोन रिवेरा.

आणखी एक, तुझ्यापुरतं. राकेशच्या कपाटात शर्ट शोधताना बाबासाहेबांचा फोटो सापडला, कपड्यांच्या घडीत. मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. म्हणाला, "आई, ऑफिसचे लोक घरी येतात. मग आडनाव, गाव, सगळी चौकशी सुरू होते. टेन्शन नको यार." मी फोटो परत घडीत ठेवला. तू त्याला काही बोलू नकोस.

तुझी आई


पोन्से,
११ जुलै २०२४

प्रिय आई,
जय भीम.

सापडली! फायलींत 'रामोन रिवेरा' इतके आहेत की दोन आठवडे गेले. छत्तीस पानं आहेत. कॉपी सोबत पाठवतेय, आणि मुख्य भाग मी मराठीत उतरवलाय. वाचायच्या आधी चहा करून घे.

'मार्च १९५०. इसमाने तीन वार आकाशी कापड घेतले. विचारता सांगितले की मुलीच्या फ्रॉकसाठी. आकाशी रंग संशयास्पद.'

'एप्रिल. इसमाने लाल कापड घेतले. तोच खुलासा.'

'एप्रिल. मुलगी, वय सहा, वाढदिवसाला नवा फ्रॉक घालून रस्त्यावर आली. वरचा भाग आकाशी, छातीवर एक पांढरी चांदणी, खाली लाल-पांढरे पट्टे. मुलीस विचारले, अंगावर काय आहे. उत्तर: माझा फ्रॉक. पुन्हा विचारले. उत्तर: तुम्हाला फ्रॉक माहीत नाही का?'

आई, मी रीडिंग रूममध्ये मोठ्यांदा हसले, आणि मला गप्प बसवायला आलेली बाई माझ्या खांद्यावरून वाचून स्वतः हसायला लागली. पुढे ऐक. खालच्या अधिकाऱ्यानं वरिष्ठांना विचारलंय, हा फ्रॉक कायद्यानं झेंडा ठरतो काय? वरिष्ठांचं उत्तर, सही-शिक्क्यासह: 'आत मूल असेपर्यंत फ्रॉक. दोरीवर वाळत असेल तर झेंडा.'

आणि नोव्हेंबरमध्ये बेटावर धरपकड सुरू झाली तेव्हा शेवटची नोंद आहे: 'शेजाऱ्याकडून कळले की फ्रॉक दोरीवर आहे. इसमास अटक.'

बस. मारामारी नाही, दारू नाही. ऑगस्ट १९५२ मध्ये सुटका झाली. त्याच्या महिनाभर आधी तोच झेंडा बेटाचा अधिकृत झेंडा झाला होता. म्हणजे तुरुंगाबाहेर पाऊल टाकल्यावर त्यांना पहिल्यांदा काय दिसलं असेल, विचार कर. सरकारनं निळा रंग जरा गडद केला होता, एवढाच फरक.

राहून राहून त्या शेजाऱ्याचा राग येतो. दोन घरांमध्ये एक भिंत, आणि ऊठसूट कळवायला जायचं? असले शेजारी कुठल्या मातीचे असतात?

तुझी,
जागृती


जर्सी सिटी,
२० जुलै २०२४

चि. जागृती,

असले शेजारी नागपूरच्या मातीचे असतात. तुझी आईच.

मागच्या पत्रात 'कोण जाणे' लिहिलं, ते खोटं होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं. डिटेक्टर पाहायला आलेल्या माणसानं झेंड्याचा फोटो काढून ऑफिसला दिला. कंप्लेंट राकेशनं टाकली, पण टाकायला मी लावली. लाडू घेऊन गेले, माफी बेडकाची मागितली आणि झेंड्याचं पोटात ठेवलं.

फाइल मी आणि राकेशनं मिळून वाचून दाखवली. मूळ स्पॅनिश लुसबाई वाचत होत्या, अडलं की राकेश फोनवर पाहून इंग्रजीत सांगत होता. "तुम्हाला फ्रॉक माहीत नाही का?" आलं तेव्हा त्या टाळी वाजवून हसल्या. "मी! हे मी म्हणाले!" मग दोरीचं पान आलं. त्यांनी चष्मा काढला. "आईनं मला शिकवलं होतं, फ्रॉक घरातच वाळवायचा," म्हणाल्या. "त्या दिवशी तो मीच बाहेर घातला. मला तो मैत्रिणींना दाखवायचा होता." आई मारामारीची गोष्ट का सांगायची, ते तेव्हा आम्हा तिघांनाही कळलं. पोरीला कधी कळू नये म्हणून. बापानं जन्मभर दारुडा म्हणवून घेतलं, पण तोंड उघडलं नाही.

त्यानंतर शेजाऱ्याची ओळ आली. मी सांगून टाकलं. राकेश म्हणत होता, "आई, आत्ता नको." पण मी सांगितलं.

लुसबाई उठल्या. दार उघडून उभ्या राहिल्या, आम्ही बाहेर पडेपर्यंत. त्याला आज सहा दिवस झाले. लाडूंचा डबा रिकामा, धुतलेला, दारात ठेवलेला मिळाला. बेडूकसुद्धा बंद आहे.

 काल जेवताना राकेश म्हणाला, "सहा वर्षांच्या मुलीसाठी माणूस एवढं करतो?" मी म्हटलं, काही माणसं कोट्यवधींसाठी करतात. तो ताट घेऊन उठला.

आता तुझा हिशेब. लुसबाईंची पुतणी पोन्सेत राहते. रागावण्याआधीच लुसबाईंनी मला सांगितलं होतं की तुझ्या डाव्या पायाला प्लास्टर आहे आणि तू नाचताना पडलीस. 'बसून वाचन जास्त' म्हणे! तुझ्या पत्राला तीन दिवस लागतात, त्या बेटावरच्या बातमीला तीन मिनिटं. एका घरात खोटं लिहिणारी एकच पुरे.

आई


पोन्से,
२८ जुलै २०२४

प्रिय आई,

प्लास्टर परवा निघालं. 'प्लेना' नावाचं नाचगाणं असतं. बेकरीच्या थोरल्या भावाच्या साठीला मलाही ओढलं, आणि मी ढोलाच्या उलट दिशेनं वळले. तिन्ही भावांनी मिळून मला उचलून दवाखान्यात नेलं. वाटेत चूक कोणाची यावर भांडले, पण कोणी पाय सोडला नाही. तेव्हा मला माझा निष्कर्ष मिळाला. भविष्याबद्दल या लोकांचं एकमत नाही, आणि त्याची यांना गरजही वाटत नाही. काय काय मिळून सोसलं, कशावर मिळून हसले, यावर एकमत आहे. त्या जोरावर ते स्वतःला राष्ट्र म्हणतात. गाइडना तसं लिहून कळवलं. त्यांनी उत्तरात एकच शब्द पाठवला, "शेवटी!"

आता लुसबाई. आई, तू चुकलीस हे खरं. पण लाडू घेऊन परत जाऊ नकोस. समजूत घालायला तर मुळीच जाऊ नकोस. तीन ऑगस्टला, शनिवारी सकाळी, ऑलिंपिकमध्ये अमेरिका विरुद्ध पोर्तो रिको बास्केटबॉल मॅच आहे. ऐंशी वर्षांची बाई ती मॅच एकटीनं पाहणार, हे इथे कोणाला सांगितलं तर रडतील. रिकाम्या हातानं जा आणि पाहा काय होतं.

तुझी लंगडी,
जागृती


जर्सी सिटी,
१२ ऑगस्ट २०२४

चि. जागृती,
सप्रेम जय भीम.

सांगण्यासारखं इतकं आहे की शुद्धलेखन तपासायला वेळ नाही.

शनिवारी सव्वाअकराला भिंतीपलीकडून किंचाळी ऐकू आली. मी तशीच धावले, दार वाजवलं. लुसबाईंनी उघडलं, अंगात टीमची जर्सी, ओठांवर केशरी लिपस्टिक. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "बस. बोलू नको. आपण पुढे आहोत." खरंच पुढे होतो! पहिला भाग संपला तेव्हा अमेरिका मागे. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण मी त्यांच्याबरोबर उठत होते, बसत होते, पंचाला मराठीत शिव्या देत होते. पुढे अमेरिकेनं जे धुतलं ते धुतलंच. एकशे चार विरुद्ध त्र्याऐंशी. शेवटच्या मिनिटाला, तेवीसनं मागे असताना, आपल्या पोरानं एक बास्केट टाकली तर लुसबाईंनी खुर्चीवरून उडी मारली. मी म्हटलं, अहो, हरलो ना! त्या म्हणाल्या, "हरलो. पण आपल्या नावानं हरलो."

मग टीव्ही बंद करून म्हणाल्या, "त्या शेजाऱ्यानं मरेपर्यंत आम्हाला सांगितलं नाही. तू पाचव्या आठवड्यात सांगितलंस. मी मोजलं. जरा उशीरच झाला." आणि माझा हात धरून ठेवला.

आता नोटीस. तुझा भाऊ, ज्यानं आयुष्यात कधी कोणाशी वाद घातला नाही, त्यानं लीजची एकूण एक पानं वाचली. नियम असा आहे की काचेला आणि खिडकीच्या चौकटीला काही लावू नये. त्यानं ऑफिसला ईमेल केला, 'घराच्या आत, खिडकीपासून दोन फुटांवर, दोरीवर कपडा वाळत घातला तर चालेल का?' उत्तर आलं, 'घरात कपडे वाळवण्याबद्दल नियम नाही.' बुधवारी त्यानं स्वतः दोरी बांधली. लुसबाईंनी झेंडा धुतला आणि वाळत घातला. तो अजून वाळतोय, रोज संध्याकाळी त्या त्यावर थोडं पाणी शिंपडतात. ऑफिसातली मुलगी येऊन पाहून गेली. तिनं दोरीकडे पाहिलं, राकेशकडे पाहिलं, म्हणाली, "इट्स लाँड्री," आणि जाता जाता ओठ दाबून हसली. परवा लीज रिन्यू झाल्याचं पत्र आलं.

काल रविवारी राकेशचे ऑफिसचे लोक जेवायला होते, शंतनू आणि अनया. मी सकाळी हॉलमध्ये आले तर सोफ्यावरच्या भिंतीवर बाबासाहेब. खिळा तिरका ठोकला होता. मी सरळ करायला गेले तर राकेश म्हणाला, "राहू दे आई, मी करतो." केला मात्र नाही.

शंतनूनं आल्या आल्या पाहिलं. "अरे, हा फोटो? तू म्हणजे…" आणि थांबला. मी पोळी लाटताना लाटणं तसंच धरून उभी. राकेश म्हणाला, "हो. आमच्या घरातले मोठे आहेत. बस ना, काय घेणार?" शंतनू बसला. फोनमध्येच डोकं घालून होता. पुढच्या वेळी येईल की नाही, मला सांगता येत नाही. अनयानं मात्र फोटो जवळून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, माझ्या आजीकडे अगदी हाच आहे." राकेश दोन वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो. दोघांनी एकमेकांना हे कधी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून लुसबाई आत, हातात भलं मोठं पातेलं. झाकण काढलं तर भात, आणि भातात हिरवे दाणे. मी एक दाणा दाताखाली धरला आणि ओरडलेच, "अगं बाई, ही तर आमची तूर! हा तर सोलेभात!"

लुसबाई ताठ झाल्या. "नो. गांदुलेस. पोर्तो रिको."

मी म्हटलं, विदर्भात हिवाळा आला की घरोघरी हाच भात असतो, माझी आजी करायची. त्या म्हणाल्या, ख्रिसमसला घरोघरी हाच असतो, त्यांची पणजी करायची. मी पणजीच्या आईवर गेले. शंतनूसुद्धा हसायला लागला. राकेश मध्ये पडला, "आई, लुसबाई, भात निवतोय, वाद नंतर घाला."

आम्ही दोघींनी त्याला आपापल्या भाषेत गप्प बसवलं.

तुझी आई,
गिरजाबाई